चार वीत खिडकी

दुपारच्या शांततेत जुन्या कूलरने घशात काटा अडकल्यासारखा खर्र असा आवाज काढला, दोन गचके दिले आणि प्राण सोडला. लक्ष्मीबाई नगरातल्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये सकाळपासून रेवतीशी कुणी मोठं माणूस बोललं असेल, तर ते एवढंच.

तिने मात्र मनातल्या मनात पेढे वाटले. आता एसी घ्यायला कारण मिळालं, आणि एसी आला की आई येणार! रेवती लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हापासून इंदुमतीबाई साताऱ्याहून इकडे एकदाही फिरकल्या नव्हत्या. "तुमच्या त्या उन्हात माझा पापड होईल गं," हे त्यांचं ठरलेलं.

नवरा, विलास, ऑडिटच्या दौऱ्यावर शिलाँगला. फोनवर म्हणाला, "मी येईपर्यंत थांब ना."

"एका खोलीचा तर एसी. त्यात काय एवढं? तू फक्त हो म्हण."

आईला द्यायची ती आतली खोली. घरातल्या टेपचा पाच वर्षांच्या अवनीने साप करून तो बाल्कनीतून सोडून दिला होता. म्हणून रेवतीने खिडकी विताने मोजली. माहेरी पडद्यापासून परकरापर्यंत सगळं असंच मोजलं जाई. खिडकी भरली चार वीत.

दुकानात तिने ऐटीत सांगितलं, "खिड़की चार बित्ते की है."

दुकानदाराने आपला पंजा एसीवर पसरला. "ये तीन का है. आराम से आएगा मैडम, ऊपर से एक बित्ता बचेगा."

त्याचा पंजा सुपाएवढा होता, हे रेवतीला दिसत होतं. पण दोघांच्या गप्पा इतक्या छान रंगल्या होत्या, की मध्येच हाताची शंका कोण काढणार?

दोन बोटं जागा कमी पडली आणि एसी खिडकीत बसला नाही. बसवायला आलेला अशोक आणि त्याचा मेहुणा, दोघांनी तो आडवा, तिरका, सगळ्या बाजूंनी करून पाहिला.

"थोड़ी दीवार छील दो ना, भैया."

"सरकारी दीवार है, दीदी. नौकरी साहब की जाएगी."

मोठी खिडकी एकच, बाहेरच्या खोलीत, कूलर जिथे निपचित पडला होता तिथली. मग एसी बाहेर. एसी बाहेर म्हणून आईचा पलंगही बाहेर. तो दारात असा अडकला, की अशोक आत राहिला आणि त्याची हत्यारं बाहेर. पलंगावरून आधी पन्ह्याचा ग्लास आत गेला, मग पोहे, आणि सगळ्यात शेवटी पाना.

"आई, अंकल आत फसले," अवनी टाळ्या पिटत म्हणाली. "आपण त्यांना ठेवून घेऊ या?"

संध्याकाळी दोघं गेले. रिमोट कसा चालवायचा, हे रेवतीने तीनदा विचारून झालं होतं. आणखी थांबवायला निमित्त उरलं नव्हतं. पलंगामुळे बाहेरचं दार अर्धंच उघडत होतं. आईपुरतं पुरे होतं.

तिने व्हिडिओ कॉल लावला. "आई, हे बघ. तुझ्यासाठी महाबळेश्वर केलंय."

इंदुमतीबाईंनी चष्मा चढवून पाहिलं. "छान आहे गं. पण एसीच्या वाऱ्याने माझे गुडघे धरतात. थंडीत बघू."

"मागच्या हिवाळ्यात तर म्हणालीस, दिल्लीची थंडी सोसत नाही."

"म्हणाले होते का? बरं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ठेवते."

फोन काळा झाला. एसी एकटाच गुरगुरत राहिला. आजीसाठी काढलेली नवी चादर गळ्यापर्यंत ओढून अवनी पलंगाच्या मधोमध बसली होती.

"आई, मग आजीला कुठली हवा आवडते?"

रेवतीने रिमोट उलटसुलट करून पाहिला.