कुंपणापलीकडचा आबा

आबा गेले आणि तेराव्याच्या जेवणाचा हात वाळायच्या आत त्यांचे दोघे लेक, धुळा आणि त्याचा थोरला भाऊ दादासो, वेगळे झाले. मेंढरं वाटली. धुळाच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा, दादासोच्या मेंढरांवर निळीचा. अंगणात मधोमध बाभळीच्या काट्यांचं कुंपण. बोलणं बंद. काय सांगायचं ते आईमार्फत.

"आई, त्येला सांग, काट्या माझ्या अंगाला सरकल्यात," दादासो हातभर अंतरावरून म्हणायचा.

"ऐकलंय म्हनावं," धुळा आईकडं बघून सांगायचा.

मधे उभी राहून राहून त्यांची आई तानुबाई पार कावून गेली होती.

वाटणी साऱ्या माण तालुक्याला समजली, मेंढरांना तेवढी समजली नाही. दिवस कलला की माळावरून सगळा कळप मिळून यायचा आणि अंगणाच्या तोंडाशी थटायचा. इतकी वर्षं आबा घोंगडं पांघरून तिथं उभे राहायचे, हाळी द्यायचे, खोकायचे, मग मेंढरं आत. दादासो फौजेतून पेन्शनीत आलेला. त्यानं "अंदर चलो!" म्हणून दरडावून बघितलं. धुळानं काठी उगारून बघितली. कळप ढिम्म. आदल्या दिवशी बाहेर राहिलेलं धुळाचं कोकरू लांडग्यानं उचललं होतं. आज पुन्हा अंधारून यायला लागलं तसा त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. आत जाई, बाहेर येई, पुन्हा आत जाई.

शेवटी त्यानं खुंटीवरचं आबांचं घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि कुंपणाच्या आडोशाला उभं राहून घसा खरवडला.

"हुर्र ये, लेकरानु, हुर्र ये!"

आणि त्याच दमाला पलीकडून आवाज आला, "हुर्र ये, लेकरानु!" वर तोच खोकला.

धुळानं काट्यांच्या फटीला कान लावला. "आबा?" त्याच्या तोंडून निघालं.

"आबा, तुमी हाय व्हय?" पलीकडून रडवेला आवाज आला.

कळप बावचळला. थोडी मेंढरं इकडं धावली, थोडी तिकडं, आणि म्होरका मेंढा सरळ कुंपणात घुसला. काट्या आडव्या झाल्या. पलीकडं आबांचा पटका बांधून दादासो उभा होता.

गलका ऐकून तानुबाई दारात आली. "आगं बया! जित्तेपनी एक आवरंना, मेल्यावर दोन झालं!"

मेंढरं केव्हाच आडव्या काट्या तुडवून मेंढरं कोंडायच्या जुन्या वाडग्यात जाऊन बसली होती, गेरू आणि नीळ एकमेकांच्या अंगावर.

"आई, त्येला सांग..." म्हणत दादासो थांबला. मग धुळाकडं वळला. "मला वाटलं रं, खरंच आबा आलं."

"मलाबी," धुळा म्हणाला. कोकरू गेलं तेव्हा दाबून धरलेलं रडू आता बाहेर पडलं. नाक पुसून त्यानं विचारलं, "दादा, उद्या आबा कोन हुनार?"

"तूच हो बाबा. मला त्ये खोकताना रडू येतंय."

तानुबाई सवयीनं धुळाकडं वळली. "त्यो म्हनतोय, त्येला खोकताना रडू येतंय."

"ऐकलं गं आई," धुळा म्हणाला आणि घोंगड्यानं डोळे पुसत काट्या ओढायला लागला.