पहिल्या गिअरवर खोडाळा

उमेशला बायकोला आणायला खोडाळ्याला जायचं होतं, आणि नेमका त्याच दिवशी गाडीचा क्लच अडकला होता. सगळा पावसाळा ताडपत्रीखाली उभी ठेवल्याचा गाडीला राग आला असावा. पेडल खाली जायचं, पण आतली प्लेट गंजून चिकटलेली. इंजिन चालू असलं की गिअर काही केल्या बदलेना.

"औषध एकच," मेकॅनिक पांड्या म्हणाला. "बंद गाडी पयल्या गिअरमधी टाक नि तशीच चालू कर. क्लच दाबून चालवत रहा. हादरा बसला का प्लेट सुटंल. पण थांबू नको. थांबलास तं बंद पडंल, आन् बॅटरीत एकदाच स्टार्ट मारायचा जीव हाय."

"मंग सुनिता बसंल कशी?"

"ते माझं काम नाय," पांड्या म्हणाला.

सुनिता खोडाळ्याला वसतिगृहात स्वयंपाक करायची. महिन्याला एक दिवस रजा. त्या दिवशी घरी दोन खोल्या आणि अकरा माणसं! मागच्या खेपेला नवराबायकोचं बोलणं झालं ते एवढंच : "मीठ दे." उमेशचा जीव तुटायचा. ती नुसती शेजारी बसलेली हवी होती त्याला. खरं सांगायचं तर जुनी गाडी घेतली तीसुद्धा त्यासाठीच.

सहा किलोमीटर पहिल्या गिअरवर! डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एका म्हातारीनं त्याला मागं टाकलं, आणि वर विचारलं, "दमलास का रं?"

सुनिता वसतिगृहाच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभी होती. उमेश तिच्यासमोरून सरळ पुढं गेला.

"अरं, मी इथं हाय!"

"दिसतीस! पण थांबता नाय येत!"

बाजाराला वळसा घालून तो परत आला.

"महिन्यानं आलास, नि पुढं पुढं काय पळतोस?" सुनिता कडाडली.

"क्लच अडकलाय! पुढल्या फेरीला चढ!"

तिसऱ्या फेरीला तिनं पिशवी आत फेकली, लुगडं सावरलं, चार पावलं धावली आणि टुणकन आत बसली. सगळ्या बाजारानं शिट्ट्या मारल्या.

पुलाजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि उमेशच्या पायाखाली काहीतरी टक्कन मोकळं झालं. क्लच सुटला! सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण सुनिता बोलत होती. शंभर पोरांच्या भाकऱ्या, आईसाठी रात्रभर रडणारी एक नवी पोर, तिला कुशीत घेऊन ही कशी बसून राहिली ते. तिचं कोपर त्याच्या कोपराला लागत होतं. उमेशनं तोंड मिटलं.

घर आलं. अंगणात आई, दोन्ही वहिन्या, आत्याचं सगळं बिऱ्हाड वाट बघत उभं.

"आई, क्लच अडकलाय! थांबता नाय येत!" उमेश ओरडला आणि गाडी तशीच पुढं नेली.

"मंग येशील कवा?"

"सुटला का येतो!"

बरंच अंतर गेल्यावर सुनिता समोर बघतच म्हणाली, "क्लच पुलापाशीच सुटला ना?"

उमेशचे कान तापले. "तुला कसं कळलं?"

"चढ संपल्यावर दुसरा गिअर टाकलास की."

"मंग घरासमोर बोलली का नाय?" मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "वळवू का मागं?"

सुनितानं चपला काढल्या, सीटवर मांडी घातली आणि खिडकीची काच खाली केली.

"तिसरा टाक," ती म्हणाली.