सुईवाले आणि बिनसुईचे

सकाळी प्रयोगशाळेत आल्या आल्या चिमणीने कपाटातल्या बारा डिश बाहेर काढल्या आणि ती जागच्या जागी थिजली. बाराही झाकणं आरशासारखी लखलखत होती.

"मावशी, यांच्यावर लिहिलेलं होतं ना?"

"लिहिलेलं कसलं गं, नुसत्या मुंग्या! स्पिरिट लावून पुसलं. उद्या परीक्षक यायचेत ना?" सफाईच्या मावशी म्हणाल्या.

परीक्षक यायचे होते ते चिमणीच्याच पदवीसाठी. पाच वर्षं ती एका जिवाणूच्या मागे होती. जीव एवढासा, पण अंगावर सुया घेऊन हिंडणारा. पेशीला बिलगायचं, सुई टोचायची, विष आत सोडायचं. ना दार वाजवणं, ना कडी काढणं. सहा डिशमध्ये असे सुईवाले होते. उरलेल्या सहांत त्यांचेच भाऊ, पण चिमणीने एक जनुक काढून सुई घडूच न दिलेले. दिसायला सगळे सारखे. नाव डिशच्या बुडाला लिहायचं, झाकणावर कधीच नाही, हा तिथला पहिला धडा. पण झाकणावर अक्षर कसं मोत्यासारखं उमटतं!

"पाच वर्षं पाण्यात," तिचे मार्गदर्शक सर मटकन खुर्चीत बसले. "चोर कोण, साव कोण, आता सांगणार कोण?"

"पेशी सांगतील, सर."

चिमणीने बुडाला एक ते बारा आकडे घातले, एकेका डिशमधले जिवाणू जिवंत पेशींवर सोडले आणि वाट पाहत बसली. मावशी कोपऱ्यात फडकं पिळत उभ्या. दुपारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर काही पेशी आकसून गोळा झालेल्या. काही मात्र वाळत घातलेल्या चादरीसारख्या ऐसपैस. बिनसुईचे बिचारे दाराबाहेरच ताटकळले होते! मोजलं, सहा आणि सहा. संध्याकाळी शेजारच्या प्रयोगशाळेने जनुकं तपासली. बाराच्या बारा डिश जुळल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमकं विचारलं, "पेशी पाहताना कुठल्या डिशमध्ये काय आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

चिमणीची मान खाली गेली. "नाही, सर. कुणालाच नव्हतं."

"शाब्बास!" परीक्षक खुर्चीतून उठलेच. "लोक आधी नाव वाचतात, मग हवं तेच बघतात. पदवी पक्की समजा. पण ही शिस्त लावली कुणी?"

सरांनी घसा खाकरला. "आमच्याकडे पहिल्यापासूनच..."

"पहिल्यापासून कुठलं?" चहाचा ट्रे ठेवत मावशी म्हणाल्या. "कालच तर मी सुरू केलं!"