खालच्या आगीला भिणारे हसनमामा

हसनमामा कुणाला जमिनीवर पाय आपटू द्यायचे नाहीत. शाळेत कवायत सुरू झाली की ते कुंपणापाशी येऊन हात जोडायचे. "गुरुजी, पोरास्नी हळू चालू द्या. खाली पोकळ असंल."

असं म्हणणारा हा माणूस पोटासाठी विहिरी खणायचा. आमच्या वरवंड गावाच्या आसपास त्यांनी खणलेल्या कितीतरी विहिरी होत्या. पण दर वेळी उतरताना त्यांचे ओठ पांढरे पडत. तळाशी गेले की खडकाला कान लावत, बोटाच्या पेराने ठोकून बघत आणि म्हणत, "खडक झोपलाय. करा सुरू."

त्यांच्या भीतीत मीच भर घातली. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती आणि मी त्या शाळेवर नवाच रुजू झालो होतो. मामा माझे शेजारी. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना भूगोलाचं पुस्तक वाचून दाखवलं. पृथ्वीचं कवच पातळ, त्याखाली तापलेला खडक आणि पार आत धातूंचा वितळलेला रस.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "किती खोल?"

"मैलोन् मैल."

"पर हाय नव्हं?"

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते दारातून विचारू लागले, "गुरुजी, आग तितंच हाय ना?"

त्या वैशाखात शाळेची विहीर आटली. चाळीस फुटांवर कोरडा दगड. आणखी खोल जायचं ठरलं आणि मामा कामाला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते घाईघाईने वर आले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"खडक गरम लागतोय. आलो आपण आगीवर."

ऊन सरळ तळावर पडतंय, म्हणून दगड तापलाय, हे मी परोपरीने सांगितलं. मामा ऐकेनात. सरपंच आबा शांतपणे म्हणाले, "आग तुमीच दावली त्यास्नी. आता तुमीच जाऊन इझवा."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला एकट्याला सोडवेना म्हणून मामा पुढे उतरले आणि त्यांच्या मागोमाग मी दोराने उतरलो. वर आभाळ ताटाएवढं उरलं. दगडावर हात ठेवून मी म्हणालो, "उन्हानंच तापलाय, मामा." तेवढ्यात वरून मुरमाचे खडे टपटपले. मामांनी मला मानेला धरून बाजूच्या खडकातल्या कपारीत ढकललं आणि स्वतः तिच्या तोंडाशी, विहिरीकडे पाठ करून उभे राहिले. मागोमाग काठाचा मुरूम धडाधड कोसळला.

धूळ बसली तेव्हा कपारीचं तोंड छातीपर्यंत बुजलं होतं. दोर गाडला गेला होता. मला श्वास पुरेना. मी ओरडायला लागलो, तशी मामांनी माझ्या तोंडावर तळवा ठेवला.

"गुरुजी, धडा म्हना. वरचा थर कंचा?"

"भूकवच," मी कसाबसा बोललो.

"न्हाई. काळी माती. मग?"

"प्रावरण."

"मुरूम. मग कच्चा खडक, त्याखाली काळा पाषाण. पाणी कुठं ऱ्हातं?"

"मातीतून झिरपतं... खडकाच्या भेगांत साठतं."

"ह्ये बराबर. पुन्यांदा पयल्यापास्नं म्हना."

वरची माणसं दुसरा दोर सोडेपर्यंत त्यांनी माझ्याकडून तो धडा किती वेळा म्हणवून घेतला, कोण जाणे. दर वेळी नवी चूक काढली. आवाजात जराही कंप नव्हता.

उन्हं कलताना आम्हाला वर काढलं. त्याच कपारीत पुढे झरा लागला, पण त्या दिवशी पाण्याचं भान कुणालाच नव्हतं. मामांना लिंबाखाली बसवून कुणीतरी चहा दिला. त्यांना कप धरता येईना, चहा सदऱ्यावर सांडला. मी कप त्यांच्या ओठांशी धरला.

"मामा, खाली तर तुम्ही अजिबात घाबरला नाहीत."

त्यांनी कप बाजूला सारला.

"माजा धाकला भाव असाच हिरीत अडाकला व्हता," ते म्हणाले. "आवाज बंद हुईस्तवर हाक मारत व्हता. मी वर, काठावर. निस्ता रडत बसलो. त्याच्याशी काय बोलावं, सुचलंच न्हाई मला."