सरांचा हिरवा तुकडा

आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारे सर चहाचा कप आधी उन्हात धरून बघतात आणि विचारतात, "वहिनी, यात लोखंड किती असेल?"

"आमी कपात लोखंड घालतोय व्हय?" सासूबाई चिडतात.

"आत असतं, आजी. दिसत नाही."

सर कॉलेजात शिकवायचे. निवृत्त होऊन कोळवणला आले. चिनी मातीचे फुटके कप, बरण्या गोळा करतात, दगडी खलात कुटतात, भुकटी काचेच्या नळीत भरून एसटीने पुण्याला नेतात. तिथल्या यंत्राच्या परीक्षेला इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स म्हणतात. हे नाव मी तीनदा लिहून घेतलं. मातीत कुठला धातू लपलाय ते त्यातून कळतं. इलेक्ट्रॉन म्हणे जोडीने राहतात. ज्याला जोडी नाही, तोच यंत्राला ओ देतो.

"लगीन न्हाई झालं त्याचं?" सासूबाईंनी विचारलं.

"तसंच समजा."

मी चौथी शिकलेली, मला काही कळलं नाही. सासूबाईंना कळल्यासारखं दिसलं, म्हणून मी आणखीच गोंधळले.

परवा सरांनी ओट्यावर एक हिरवा तुकडा ठेवला. त्यांची बायको मातीची भांडी घडवायची. हा रंग तिने स्वतः बनवलेला. कशापासून, ते कुणाला सांगितलं नाही. ती गेली. भांड्यांपैकी एवढाच तुकडा उरला. यंत्राने रंग ओळखावा म्हणून सर दुसऱ्या दिवशी तो कुटणार होते.

त्यांचे हात थरथरतात. मला वाईट वाटलं. न विचारता मी तो आमच्या खलबत्त्यात कुटला, अगदी मसाल्यासारखा बारीक.

सरांनी वाटी बघितली. "कशात कुटलंत?"

"खलबत्त्यात."

"लोखंडी?"

मी मान डोलावली. सरांनी समजावलं. खलबत्त्याचं लोखंड भुकटीत उतरलं होतं. आता यंत्रात त्याचाच गोंगाट होणार.

"मसाला हाय का त्यो, भवाने!" सासूबाई ओरडल्या.

मी कसंबसं विचारलं, "लोखंड काढता नाही का येत?"

"येतं. लोहचुंबक फिरवलं की बरंचसं निघतं."

"मग आणू?"

सर वाटीत बोट फिरवत राहिले.

"नको," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं रोज विचारायचो तिला, रंग कशाचा? ती नुसती हसायची. अजून विचारतो. कळलं, तर उद्यापासून तिच्याशी काय बोलू?"