हिराकाकूंचा टिपकागद

हिराकाकूंची बेल वाजवली की त्या 'ये, बस' म्हणत नाहीत. दार उघडून आधी विचारतात, "तोंड कवा धुतलंस?" तासाभरापूर्वी धुतलं असेल आणि त्यावर काही फासलं नसेल, तरच पुढचं बोलणं. मग त्या तुम्हाला खुर्चीत बसवतात, कमरेच्या पिशवीतून पातळ कागदी नॅपकिन काढतात आणि कपाळावर दाबून धरतात. मग नाकावर, मग दोन्ही गालांवर. शेवटी तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात बघतात. आपण गेलेलो असतो वाटीभर साखर मागायला.

"कपाळ, नाक तेलकट. गाल कोरडं. दोन्ही मिळून हायस तू," असा माझा निकाल लागला होता. त्यांच्याकडे माणसांच्या चारच जाती. तेलकट, कोरडी, दोन्ही मिळून आणि रुसकी. रुसकी म्हणजे जिला जरा काही लावलं की लाल होऊन बसते ती. डॉक्टर तिला सेन्सिटिव्ह म्हणतात. मला काकूंचाच शब्द पटतो.

बोळिंजच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये काकूंच्या कागदातून कुणी सुटलेलं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरवरून हमरीतुमरी चालली होती. काकू शांतपणे उठल्या आणि सेक्रेटरींच्या कपाळाला कागद लावला. "एवढं तेल! म्हनून तुमचा शब्द टिकत नाय, घसरतो," म्हणाल्या. त्या दिवशी पाण्याचं काही ठरलं नाही, पण इतकं मनापासून आम्ही मीटिंगमध्ये कधी हसलो नव्हतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या लग्नात तर कहर केला. नवरी पाटावर, करवल्या हळदीच्या वाट्या घेऊन उभ्या, आणि ह्या मध्येच आडव्या. "थांबा. आधी कोपराच्या आत जराशी लावा. एक दिवस बघा. रुसली नाय तर मंग तोंडाला."

"अहो, मुहूर्त आजचा आहे!" नवरीची आई ओरडली.

"मुहूर्त आजचा, पन तोंड जन्माचं हाय ना?"

त्यांना हाताला धरून खाली आणावं लागलं. मीच आणलं. जिना उतरताना त्या मला करवल्यांची वर्गवारी सांगत होत्या.

माझं कपाटही त्यांनी असंच तपासलं. नाकाच्या बाजूची सालं निघतात म्हणून मी जाहिरातीत दिसेल ते आणत होते आणि चेहरा खसाखसा धूत होते. काकूंनी बाटल्या एकेक करून वास घेत बाजूला काढल्या. "हा साबन भांड्यांना ठेव. साधं, बिनवासाचं काय तरी घे. तेलकट जागेला हलकं, गालांना जरा जाड. आनि एका टायमाला एकच नवीन लाव, नायतर गुन्हेगार कोन ते कसं कलनार?" महिन्याभरात माझी सालं गेली. मला काकूंचा इतका राग आला की मी चार दिवस त्यांच्याकडे गेले नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला मोबाईल मिळाला की असंच होतं. बिल्डिंगही तेच म्हणते. पण मी समोरच्याच दारात राहते, त्यामुळे मला सगळं माहीत आहे, आणि माहीत असूनही मला काही करता आलं नाही.

काकू मूळच्या गास गावच्या. भाताची लावणी, कापणी, भाजीची वाडी, सगळं ह्या दोन हातांनी केलेलं. नात झाली तेव्हा त्यांच्या मुलाने, नीलेशने, त्यांना बोळिंजला आणलं. काकूंनी बाळाला गासच्या पद्धतीने न्हाऊ घातलं. खोबरेल, हळद, डाळीचं पीठ, आणि लव जावी म्हणून पिठाचा गोळा अंगभर फिरवला. संध्याकाळी पोरीच्या अंगावर लाल पुरळ. डॉक्टर म्हणाले, स्किन सेन्सिटिव्ह आहे, हे सगळं बंद करा. सूनबाई घरी येऊन म्हणाल्या, "आई, तुमचे हातच किती खरखरीत आहेत! तिला नका लावू आता."

झालं. त्या दिवसापासून नातीला हात लावणं बंद. भांडी घासताना मात्र त्या हातांचा खरखरीतपणा कुणाला टोचला नाही, हेही मी इथे लिहून ठेवते.

काकू भांडल्या नाहीत. सेन्सिटिव्ह म्हणजे काय ते मोबाईलवर शिकायला बसल्या. शेजाऱ्यांच्या तोंडांवर हात बसवला, तो आम्हाला विनोद वाटला. भांड्यांना रबरी मोजे आले, झोपताना हातांना क्रीम आणि वर सुती मोजे आले. डॉक्टरांनी लिहून दिलेलं बिनवासाचं क्रीम नीलेशकडून बाळाच्या दंडावर ठिपकाभर लावून घेतलं. बाळ रुसलं नाही. "दिवालीला पहिली आंगोल मी घालनार," त्या मला म्हणाल्या. "नीलेश बोललाय, बघू. बघू म्हंजे हो."

मी म्हटलं, "काकू, बघू म्हणजे बघू." माझी जीभ काळी.

नरक चतुर्दशीला फराळाचं ताट घेऊन गेले. काकूंनी पहाटेच उठून पाट मांडलेला, भोवती रांगोळी, पाणी कोपराने तपासून कोमट केलेलं, क्रीमची ट्यूब उशीच्या स्वच्छ अभ्र्यावर ठेवलेली. आणि हॉलमध्ये एक पार्लरची बाई आणि एक फोटोग्राफर. पहिल्या दिवाळीचं फोटोशूट. गुलाबाच्या पाकळ्यांनी भरलेला टब, सुगंधी तेल, दिव्यांची आरास. घरभर अत्तराच्या दुकानासारखा वास.

"वास हाय त्याला," काकू म्हणाल्या. "आधी कोपराच्या आत..."

"आई, जरा मागे व्हा ना, फ्रेममध्ये येताय," सूनबाई म्हणाल्या.

त्या मागे झाल्या. नीलेश मोबाईलमध्ये बघत राहिला. तसे चांगले लोक आहेत, हप्ते वेळेवर भरतात, दारात दिवे लावतात. अशा चांगल्या लोकांची मला चीड येते.

पाडव्याला पोरीच्या पाठीवर पुरळ उठलं. भिंतीपलीकडून नाही, उघड्या दारातून मी ऐकलं. सूनबाई विचारत होत्या, "आई, खरं सांगा, तुम्ही हात लावलात का तिला?"

"नाय गं," काकू म्हणाल्या. "हातच नाय लावला."

मी दारातून ओरडले, "अहो, ते वासाचं तेल बघा आधी!" सूनबाईंनी हसून "थँक यू हं" म्हटलं आणि दार लावलं.

थोड्या वेळाने काकू माझ्याकडे आल्या. तोंड कधी धुतलं ते विचारलं नाही. कागद काढला नाही. सरळ माझ्या गालावर तळहात ठेवला.

"खरं सांग. टोचतो काय?"

मी खोटं बोलायची तयारी केली होती. गरजच पडली नाही. तो हात माझ्या हातापेक्षाही मऊ होता.

"नाही हो काकू. अजिबात नाही."

त्यांनी हात काढला नाही. माझ्याकडे बघत विचारलं, "मंग?"