आधी नाक, मग पाणी

आमच्या धाकूमामाला घरी आल्या आल्या पाणी विचारायचं नाही. आधी धान्याचा डबा दाखवायचा. तो कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर दाणे नाकाशी धरतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो. "आधी नाक, मग पाणी," हे त्याचं ब्रीद.

माझ्या लग्नाची बोलणी करायला चिखल्याला गेलो, तर मामा ऐन बैठकीतून गायब. सापडला तो सासऱ्यांच्या कणगीत कमरेपर्यंत वाकलेला. बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरगी बेस हाय. भाताला मातर बुरशी लागंल." सासरे ते अजून विसरलेले नाहीत. बुरशी खरंच लागली, हे तर मुळीच विसरलेले नाहीत.

सुगी झाली की उधव्याला त्याच्या अंगणात चुलीवर मोठं पातेलं चढतं. निरगुडी, कडुनिंबाचा पाला, गवती चहा. पाणी निम्मं होईस्तोवर उकळायचं, गाळायचं, त्यात रिकामी पोती बुडवायची, कडक उन्हात वाळवायची आणि मगच त्यांत धान्य भरायचं. त्या वासानं मांजरसुद्धा घर सोडतं. कुणी नाक मुरडलं की मामा म्हणतो, "तुला वास येतो ना? बुरशीला पन येतो."

हे वेड त्याला माझी आई गेली त्या वर्षी लागलं. आई म्हणजे त्याची धाकटी बहीण. दिवसकार्याच्या गडबडीत तिनं राखलेलं भाताचं बियाणं ओलसर कोपऱ्यात पडून राहिलं आणि काळं पडलं. मामानं निवडून निवडून ओंजळभर दाणे वाचवले. तेच वाण तो दरवर्षी लावतो आणि त्याचा तांदूळ मला डहाणूला आणून देतो. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून तर जास्त लाज वाटते.

गेल्या वर्षी रेल्वेतले आमचे साहेब माझ्याकडे जेवायला आले होते. तेवढ्यात मामा खांद्यावर पोतं घेऊन थेट आत, साहेबांना ओलांडून स्वयंपाकघरात, डब्यात नाक. घरभर निरगुडीचा दर्प. साहेबांनी रुमाल काढला. "हे कोण?"

"गावाकडचा माणूस आहे," मी म्हणालो. "तांदूळ आणून देतो."

मामानं डब्याचं झाकण नीट लावलं. पाणी न पिताच गेला.

त्यानंतर मी उधव्याला फिरकलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? यंदा तोही येणार नाही, असं मी धरूनच चाललो होतो. परवा सकाळी दार वाजलं. उंबऱ्याबाहेर मामा उभा. पोतं खाली ठेवलेलं, चपला पायातच.

"मामा, आत ये ना."

त्यानं माझ्या खांद्यावरून घरात डोकावलं आणि हळूच विचारलं, "पावने नाय ना कोन, भाच्या?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत गेलो, डब्याचं झाकण काढलं आणि शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं हाक मारली, "मामा, ये! आधी नाक, मग पाणी!"